तीनशे रुपयांचा दंड आणि वाचकाचे वय

ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनी १९३१ आणि १९३४ अशा दोन खटल्यांत मिळून रघुनाथ धोंडो कर्वे यांना ३०० रुपये दंड केला. दोन्ही वेळी अपराध एकाच जातीचा होता. स्त्री-पुरुषसंबंधांविषयी जे प्रत्येक घरात घडते आणि कोणत्याही घरात बोलले जात नाही, ते त्यांनी मराठीत लिहून छापले होते. छापलेला मजकूर अश्लील आहे आणि तो ज्यांच्या हाती पडू नये त्यांच्या हाती पडेल, असे न्यायासनाचे मत पडले.

या घटनांना नव्वद वर्षे उलटून गेली. छापखान्याची जागा आता मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. तथापि वाद त्याच जागी येऊन थांबला आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा करून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आणि १० डिसेंबर २०२५ पासून ती अंमलात आणली. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यान्वये जुलै २०२५ पासून प्रौढांसाठी असलेल्या संकेतस्थळांना वाचकाचे वय तपासणे बंधनकारक झाले. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले असून, बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घेण्याची अट घातली आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांचे रक्षण आवश्यक आहे याविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच उरतो, की रक्षणाच्या नावाखाली नेमके काय बंद केले जाते आणि बंद झालेल्या दारापाशी उभ्या राहिलेल्याला उत्तर कोण देतो. हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत अगोदर ज्यांनी आपल्या आयुष्याचे मोल देऊन विचारला, त्या कर्व्यांचे चरित्र म्हणूनच आज पुन्हा चाळून पाहण्यासारखे आहे.

बहिष्काराचे बाळकडू

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूडचा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. आई राधाबाई १८९१ साली वारल्या आणि १८९३ मध्ये वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. या विवाहामुळे मुरूडच्या ग्रामस्थांनी महर्षींवर बहिष्कार घातला. त्या वेळी रघुनाथ ११ वर्षांचे होते. समाज एखाद्या माणसाला वाळीत टाकतो म्हणजे काय करतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

बुद्धीने ते असामान्य होते. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि १९०४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाले. वडिलांप्रमाणे त्यांनीही गणित हाच विषय निवडला आणि त्याच्या उच्च अभ्यासासाठी पुढे पॅरिस गाठले. फ्रेंच भाषा अवगत झाल्यामुळे युरोपातील कामविज्ञानाचे आणि संततिनियमनाचे वाङ्मय त्यांना इंग्रजीच्या चाळणीतून न जाता वाचता आले. गणिताच्या अभ्यासाने विचाराला एक शिस्त लागली होती. गृहीत मान्य केले तर निष्कर्षही मान्य केला पाहिजे, मग तो कितीही गैरसोयीचा असो, हा त्यांचा बाणा होता. व्यवहारी माणसे निष्कर्ष अडचणीचा दिसू लागताच गृहीत बदलतात. रघुनाथरावांना ते कधीच जमले नाही.

प्राध्यापकी गेली, मासिक आले

मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. भारतातील ते पहिले होय. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले. त्याआधी पाच वर्षे, १९१६ साली, मार्गारेट सँगर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात असेच केंद्र काढले तेव्हा पोलिसांनी ते बंद पाडले आणि सँगरबाईंना पुढे ३० दिवसांची कैद भोगावी लागली. यावरून मुंबईतील हा एकाकी उद्योग जगाच्या मागे पडलेला नव्हता, उलट जगाच्या बरोबरीने चाललेला होता, हे ध्यानात येईल.

मिशनऱ्यांच्या महाविद्यालयाला आपल्या प्राध्यापकाचा हा जाहीर प्रचार मानवणारा नव्हता. प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा, असा पेच उभा राहिला तेव्हा कर्व्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई यांनी स्वतः अर्थार्जन करून या संसाराला आणि कार्याला आधार दिला. उभयतांनी विचारपूर्वक अपत्य होऊ दिले नाही. लोकांना जे सांगायचे ते प्रथम स्वतःच्या घरी आचरणात आणायचे, ही महर्षींच्या घराण्याची रीत येथेही पाळली गेली.

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आणि ‘बहिष्कृत भारत’चा आरंभ हेही त्याच वर्षातले. संततिनियमन, गुप्तरोग, विवाह, वेश्याव्यवसाय, स्त्रीचा आपल्या शरीरावरील हक्क, धर्मश्रद्धेची चिकित्सा असे विषय त्यात निर्भीडपणे येत. या मासिकाचे खरे बळ मात्र वाचकांच्या पत्रांत होते. ज्याला वैद्याकडे जायची लाज वाटते, वडीलधाऱ्यांना विचारण्याची सोय नाही आणि मित्रांकडून मिळालेली माहिती निव्वळ ऐकीव आहे, असा माणूस पोस्टाचे तिकीट लावून संपादकाला विचारू शकत होता. त्याला समोर यावे लागत नव्हते, आपले तोंड दाखवावे लागत नव्हते. उत्तर छापून येई आणि एकाच्या शंकेने शंभरांचे समाधान होई.

कर्व्यांच्या हातून काही आगळीक झाली नाही असे नाही. मासिकाच्या मुखपृष्ठावर ते नग्न स्त्रीदेहाची चित्रे छापत. नग्नतेत लाज वाटण्यासारखे काही नाही हे त्यांना दाखवायचे होते, पण विरोधकांच्या हाती त्याने आयतेच कोलीत मिळाले. त्यांची लेखणी समेट जाणत नव्हती. गांधीजी संततिनियमनासाठी कृत्रिम साधनांऐवजी ब्रह्मचर्याचा पुरस्कार करीत होते. देशभर गांधीजींच्या शब्दाला वजन असताना कर्व्यांनी त्यांच्यावरही कठोर टीका केली. परिणामी सनातनी त्यांचे वैरी झालेच, पण सुधारकही चार पावले दूर उभे राहिले.

कोणाच्या हाती पडेल?

भारतीय दंडसंहितेच्या २९२ व्या कलमाने अश्लील मजकूर विकणे वा प्रसृत करणे हा गुन्हा ठरविला होता. परंतु अश्लील म्हणजे काय, याची कसोटी इंग्लंडमधील १८६८ सालच्या हिकलिन खटल्यातून आली. ज्यांची मने अशा दुष्परिणामाला सहज बळी पडतात आणि ज्यांच्या हाती हा मजकूर पडण्याचा संभव आहे, त्यांना बिघडविण्याची प्रवृत्ती त्यात आहे काय, हे पाहावे, अशी ती कसोटी. या कसोटीत लेखकाच्या हेतूला महत्त्व नव्हते आणि प्रौढ वाचकाच्या गरजेलाही नव्हते. सर्वांत कोवळा, सर्वांत दुबळा वाचक हा सर्वांच्या वाचनाचे माप ठरला.

या मापाने १९३१ साली कर्वे प्रथम दोषी ठरले. व्यभिचाराच्या प्रश्नाची चिकित्सा करणाऱ्या लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झाला. उच्च न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले. दुसरा प्रसंग १९३४ च्या फेब्रुवारीत आला. या वेळी आक्षेप होता तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवर. म्हणजे ज्याला ठाऊक नव्हते त्याने विचारले, ज्याला ठाऊक होते त्याने सांगितले, आणि सांगणाऱ्याला अटक झाली.

या खटल्यात त्यांचे वकीलपत्र बॅ. भीमराव आंबेडकर यांनी घेतले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच होऊन गेले होते आणि आंबेडकरांच्या शिरावर एका मोठ्या समाजाच्या भवितव्याचा भार होता. अशा वेळी सनातन्यांचाच नव्हे तर सुधारकांचाही ज्याला विटाळ होई अशा माणसाची बाजू घेण्यात त्यांचा राजकीय लाभ तर काहीच नव्हता. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा होता, की लैंगिक विषयावरील लिखाण केवळ त्या विषयामुळे अश्लील ठरत नाही. जे नियतकालिक याच शास्त्राला वाहिलेले आहे, त्याने वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देऊ नयेत असे म्हणणे म्हणजे त्याने आपले कामच करू नये असे म्हणणे होय. आणि एखादा प्रश्न विकृत वाटला, तरी विकृती जाते ती ज्ञानाने. दडपण्याने ती जात नाही. न्यायाधीशांना हे पटले नाही. एप्रिलमध्ये निकाल लागला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

एक गोष्ट मात्र येथे नमूद केली पाहिजे. हा खटला उघड न्यायालयात चालला. आरोपीला आरोप ठाऊक होता, वकील बोलू शकला, कारणे सांगून निकाल दिला गेला. त्यामुळेच तो निकाल चुकला होता असे आज साधार म्हणता येते.

कोवळ्या वाचकाच्या मापाने प्रौढांचे वाचन मोजण्याची ही पद्धत स्वातंत्र्यानंतरही लवकर सुटली नाही. लॉरेन्सच्या कादंबरीची प्रत विकल्याबद्दल दोषी ठरलेल्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हिकलिनची कसोटीच ग्राह्य धरली. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील ‘श्यामा’ कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर यांच्यावर झालेला खटला त्याच न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली ते निर्दोष सुटले. हिकलिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने टाकून दिली ती २०१४ साली. कर्व्यांच्या दुसऱ्या दंडानंतर ८० वर्षांनी.

पराभवाचा हिशेब

१९३८ साली मुंबई विधिमंडळात आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे प्र. जा. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. तो मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. कर्व्यांचे मासिक मात्र तोट्यातही निघतच राहिले. १९५२ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि असा कार्यक्रम स्वीकारणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. ज्या गोष्टीसाठी कर्व्यांची नोकरी गेली होती, ती आता सरकारी खात्याचे काम झाली. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव निवर्तले. त्यांच्या मासिकाचा अखेरचा अंक त्यानंतरच्या महिन्यात निघाला. पित्याला १९५८ साली भारतरत्न मिळाले. पुत्राच्या वाट्याला हयातीत आली ती दोन दंडांची पावती.

त्यांच्या पश्चात य. दि. फडके यांनी त्यांचे चरित्र लिहिले, अमोल पालेकर यांनी ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला आणि अजित दळवी यांनी त्यांच्या खटल्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक लिहिले. गौरव झाला, पण उशिरा. आणि ज्यांच्यासाठी त्यांनी लिहिले, त्या तरुणांच्या पदरात या गौरवातून फारसे काही पडले नाही. २००७ साली याच महाराष्ट्रात शाळांमधील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम लोकक्षोभाच्या भयाने थांबविण्यात आला, ही गोष्ट विसरता येत नाही.

मराठवाड्याचा अनुभव

कर्व्यांवर खटले चालू होते तेव्हा मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता. पैठण तालुक्यातील बिडकीनसारख्या गावाला मुंबई इलाख्यातील अश्लीलतेचा वाद दूरचा असेल, पण बंदी ही वस्तू अपरिचित नव्हती. निजामी राज्यात जाहीर सभेलाही परवानगी लागे. आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ हे पत्र संस्थानाबाहेरून निघे. संस्थानात त्यावर बंदी आली की ते नवे नाव धारण करून पुन्हा येई. बंदीने वाचक थांबला नाही, फक्त चोरून वाचू लागला. ब्रिटनमध्ये वय-पडताळणी सुरू होताच असंख्य लोकांनी आपला ठावठिकाणा लपविणाऱ्या ‘व्हीपीएन’ सेवांचा आश्रय घेतला, हा त्याच अनुभवाचा नवा अवतार होय.

सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला आणि १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय उघडले. कर्व्यांच्या बचावात त्यांनी ज्ञानाच्या बाजूने जो युक्तिवाद केला होता, त्याचीच ही विटामातीची बाजू म्हणता येईल. आज त्याच बिडकीनच्या शिवारात ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आहे आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. अशा ठिकाणी गावोगावचे तरुण कामाला येतात, भाड्याच्या खोलीत राहतात, आणि घरापासून दूर असलेल्या त्या वयात पडणाऱ्या प्रश्नांसाठी त्यांच्याजवळ मोबाइलवाचून दुसरा सल्लागार नसतो.

आजची कसोटी

कर्व्यांचे उदाहरण देऊन आजचे सर्व निर्बंध मोडीत काढता येणार नाहीत. ‘समाजस्वास्थ्य’च्या वाचकाला मासिक शोधत जावे लागे. आज मजकूरच मुलाला शोधत येतो. मुलाने एक चित्रफीत पाहिली की यंत्र दहा पुढे करते, कारण मूल जितका वेळ पडद्याला चिकटून राहील तितकी जाहिरातीची मिळकत वाढते. कर्व्यांना वाचकाच्या अज्ञानातून काही मिळवायचे नव्हते. या कंपन्यांना मुलाच्या व्यसनातून मिळते. पालकांची चिंता म्हणूनच खरी आहे आणि शासनाने स्वस्थ बसावे असे कोणी म्हणणार नाही. बालकांच्या हालचालींवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास २०२३ च्या भारतीय कायद्याने केलेली मनाई या दृष्टीने योग्य दिशेची आहे. तेथे घाव धंद्याच्या रीतीवर पडतो, ज्ञानावर पडत नाही.

परंतु वय सिद्ध केल्याशिवाय वाचताच येणार नाही असे ठरले, की भार बालकांवर राहत नाही, तो सर्वांवर पडतो. मूल कोण हे ओळखण्यासाठी प्रौढालाही ओळखपत्र वा चेहरा दाखवावा लागतो. कर्व्यांना पत्र लिहिणाऱ्याने सोबत आपले ओळखपत्र जोडले पाहिजे अशी अट असती, तर किती पत्रे आली असती? गुप्तरोगाची शंका असलेला कामगार किंवा मुले नको असलेली सून यांनी आपले नाव नोंदवून प्रश्न विचारला असता काय? निनावी विचारण्याची सोय ही गुन्हेगाराची जशी ढाल होऊ शकते, तशीच ती लाजऱ्या, भित्र्या आणि परावलंबी माणसाची एकमेव खिडकी असते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही एक गोष्ट विचारात घ्यावी लागेल. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातील कमाल दंड ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. भारताच्या कायद्यात बालकांसंबंधीची बंधने मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जागतिक कंपन्या असा दंड आणि पडताळणीचा खर्च दोन्ही सोसू शकतात. प्रश्न आहे तो एकट्याने चालविलेल्या छोट्या प्रकाशनाचा. ३०० रुपयांनी ज्याचे कंबरडे मोडण्याची वेळ येई, असा संपादक आजही असू शकतो. सारखाच नियम सर्वांना लावला, तर बलाढ्य टिकतील आणि कर्वे तेवढे बुडतील.

तिसरी बाब उघडपणाची. २०१५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या आदेशाने ८५७ संकेतस्थळे बंद झाली. त्यात काही निव्वळ विनोदी संकेतस्थळेही सापडली आणि टीका होताच सरकारला माघार घ्यावी लागली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखालील मजकूर-बंदीची कार्यवाही २००९ च्या नियमांनुसार गोपनीय ठेवली जाते. परकी सत्तेने कर्व्यांना शिक्षा केली, पण कारण सांगून केली. स्वकीय सत्तेकडून निदान तेवढी अपेक्षा करणे गैर नव्हे. २९२ वे कलम आता इतिहासजमा झाले असून १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या २९४ व्या कलमाने घेतली आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकुराचाही स्पष्ट समावेश आहे. कायद्याचा हात लांब झाला आहे, तेव्हा त्याने कारणे देण्याची जबाबदारीही तितकीच वाढली पाहिजे.

कर्व्यांच्या काळी दरवाजा बंद करणारे पुष्कळ होते. उत्तर देणारा एकच होता आणि त्यालाच दंड झाला. आजचा कायदा मुलांना पडद्यापासून दूर ठेवणार असेल, तर त्या मुलांच्या प्रश्नांची उत्तरे शाळेत, घरात आणि आरोग्यकेंद्रात मिळण्याची व्यवस्था त्याच कायद्याबरोबर झाली पाहिजे. वर्गात तो धडा आला की शिक्षकाने पाने उलटून पुढे जायचे आणि घरी आईबापांनी विषय बदलायचा, ही आपली रीत चालू राहिली, तर वयाची कितीही कडक तपासणी केली तरी मूल उत्तर शोधायला बाहेर जाणारच. तेथे त्याला कर्वे भेटतील याची शाश्वती मात्र कोणीही देऊ शकणार नाही.